चार की-बोर्डांचं काम एकाला जमतं का?

वसई-विरार पट्ट्यात की-बोर्ड वाजवणाऱ्याचा रविवार मोठा असतो. सकाळी नंदाखाल किंवा आगाशीच्या चर्चमध्ये मिस्सासाठी ऑर्गन हवा. संध्याकाळी अर्नाळ्याला हळद असली की ब्रास हवा, सनई हवी, बासचा दणका हवा. नवरात्रात विरारला गरबा, गणपतीत भजनाला पेटी, मधूनच एखाद्या ऑर्केस्ट्राची सुपारी. एवढ्या कामांपायी अनेकांच्या घरी दोन-तीन की-बोर्ड साठलेले असतात. एकाचा पियानो गोड, दुसऱ्याचा ब्रास झणझणीत, तिसऱ्यात भारतीय आवाज, आणि शिवाय एक ऑक्टोपॅड. मग प्रत्येकाचा स्टँड, प्रत्येकाचा ॲडॅप्टर, प्रत्येकाची जॅकची वायर. हे सगळं टेम्पोत चढवायचं आणि मध्यरात्री पुन्हा उतरवायचं.

अशा वादकाला कधी ना कधी प्रश्न पडतोच: हे सगळं बाजूला ठेवून एकच चांगला डिजिटल सिंथेसायझर घेतला तर भागेल का? त्याच्या घरच्यांचा प्रश्न त्याहून मूळ असतो: एकाच डब्यातून पियानो, सनई, ढोलकी हे सगळं निघतं तरी कसं? दुसरा प्रश्न सुटल्याशिवाय पहिल्याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून त्यापासूनच सुरुवात करू.

1. एकच सूर, वेगळे आवाज

पेटीवरची मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबा. हवा सेकंदाला सुमारे 440 वेळा थरथरते. व्हायोलिनवर तोच सूर काढला तरी थरथर 440 चीच असते. तरीही डोळे मिटून ऐकणारा माणूस पेटी कोणती आणि व्हायोलिन कोणतं हे लगेच सांगतो. याचं कारण असं की कोणतंही वाद्य एकटी 440 ची थरथर कधीच काढत नाही. व्हायोलिनची तार 440 सोबतच 880, 1320, 1760 अशा पटींतही थरथरत असते. हे उपस्वर. त्यातला कोणता किती जोरात आहे, यावर वाद्याचा आवाज ठरतो.

वसईकरांना यासाठी जवळचं उदाहरण घंटेचं. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई पोर्तुगिजांकडून जिंकली, त्यानंतर इथल्या चर्चमधल्या काही घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या. भीमाशंकरला आणि वाईजवळच्या मेणवलीला त्या आजही पाहता येतात. युरोपीय पद्धतीने नीट जुळवलेल्या चर्चच्या घंटेचा मूळ सूर 440 धरला, तर तिच्यात साधारण 220, 528, 660 आणि 880 हे सूरही एकाच वेळी वाजतात. 660 म्हणजे दीडपट, आपला पंचम. 528 म्हणजे 1.2 पट, आपला कोमल गंधार. व्हायोलिनच्या तारेत मूळ सुराच्या इतक्या जवळ कोमल गंधार नसतो. घंटेचा आवाज गंभीर आणि किंचित उदास वाटतो, त्यात या गंधाराचा वाटा मोठा आहे.

उपस्वरांइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट म्हणजे काळ. घंटेवर टोल पडताक्षणी आवाज सर्वांत मोठा असतो आणि मग हळूहळू विरतो, विरतानाही वरचे उपस्वर आधी जातात आणि खालचा घुमारा मागे राहतो. ऑर्गनची पट्टी मात्र दाबून ठेवाल तोवर एकसारखी वाजते. उपस्वरांचं प्रमाण आणि ते काळानुसार कसं बदलतं, या दोन गोष्टी ज्याने हातात घेतल्या त्याला कोणताही आवाज उभा करता येतो. सिंथेसायझर हे त्यासाठीच केलेलं यंत्र आहे.

2. प्रत्येक आवाजाला वेगळं यंत्र

अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी 1964 मध्ये विजेवर चालणाऱ्या सिंथेसायझरचे भाग मांडले आणि 1970 मध्ये मिनिमूग हे उचलून नेता येणारं यंत्र बाजारात आलं. त्याची पद्धत सोपी होती. आधी उपस्वरांनी गच्च भरलेला कर्कश आवाज विजेच्या लहरीतून तयार करायचा, मग फिल्टर नावाच्या भागातून नको ते उपस्वर छाटायचे, आणि शेवटी आवाज किती वेगाने चढावा-उतरावा ते ठरवायचं. प्रत्येक कामाला स्वतंत्र नॉब. फिल्टरचा नॉब फिरवला की आवाज डोळ्यांदेखत उघडतो आणि मिटतो. मुंबईच्या चित्रपटसंगीतात मिनिमूग वाजवणाऱ्या पहिल्या वादकांत कर्सी लॉर्ड यांचं नाव आदराने घेतलं जातं.

मिनिमूगची मर्यादा एकच, पण मोठी: एका वेळी एकच सूर. तीन सुरांचा कॉर्ड हवा तर तीन मिनिमूग हवेत. आवाज विजेच्या सर्किटमध्ये जन्मतो आणि एक सर्किट एकच सूर काढतं, त्याला इलाज नव्हता. 1981 च्या रोलंड ज्युपिटर-8 ने आठ सूर एकत्र वाजवले, ते एका पेटीत तशी आठ सर्किटं बसवून. त्यामुळे त्याचं वजन 22 किलोंच्या घरात गेलं आणि किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेर.

अनेक यंत्रं जोडून संगीत करण्याची त्या काळातली सर्वांत थक्क करणारी कामगिरी मुंबईत झाली, आणि ती मराठी वाचकांना हवी तितकी ठाऊक नाही याची मला खंत वाटते. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. 1982 मध्ये त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एक तबकडी केली. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. त्यासाठी त्यांनी तीन यंत्रं जोडली: सुरावटीला ज्युपिटर-8, बासला रोलंडचाच टीबी-303 आणि ठेक्याला टीआर-808. टीबी-303 हा मुळात गिटारवाल्यांना सरावासाठी बासची साथ मिळावी म्हणून काढलेला छोटा डबा. त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. रागाला मींड लागते हे ज्याच्या कानात लहानपणापासून भिनलेलं आहे, अशा वादकाला त्या घसरणीचं मोल लगेच कळणं साहजिक होतं.

तबकडी तेव्हा चालली नाही. पाश्चात्त्य जग ज्याला ‘ॲसिड हाउस’ म्हणतं ते संगीत 1987 च्या सुमारास शिकागोत आकाराला आलं, आणि त्यातही तोच टीबी-303 होता. पुढे एका डच संग्राहकाच्या हाती ही जुनी तबकडी लागली, 2010 मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली, आणि सत्तरीतले चरणजित सिंग युरोपातल्या मंचांवर तेच राग वाजवायला गेले. 2015 मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

त्या तीन यंत्रांतलं एकही दुसऱ्याचं काम करू शकत नव्हतं. 808 मधून यमन निघत नाही, 303 मधून कॉर्ड निघत नाही. आवाज सर्किटच्या आकारात कोरलेला होता आणि सर्किट बदलता येत नव्हतं.

3. आवाजाचे आकडे झाले

डिजिटल यंत्रात सर्किटची जागा गणिताने घेतली. आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. तो चढउतार एका सेकंदात 44,100 वेळा मोजून प्रत्येक वेळचा आकडा लिहिला, की तो आवाज कागदावर उतरला असं समजा. सीडीवर हेच असतं. हे आकडे त्याच वेगाने स्पीकरकडे पाठवले की मूळ आवाज परत ऐकू येतो. 44,100 हा आकडाच का? माणसाचा कान सेकंदाला सुमारे 20,000 थरथरींपर्यंतच ऐकतो, आणि कोणतीही थरथर पकडायला तिच्या दुपटीहून थोड्या जास्त नोंदी पुरतात.

आता खरी युक्ती. आवाज आकड्यांचाच असेल, तर ते आकडे मोजून मिळाले की हिशेब करून, याने स्पीकरला फरक पडत नाही. आणि हिशेब करणारी चिप प्रचंड वेगवान असली, तर ती एका नोंदीपासून पुढच्या नोंदीपर्यंतच्या वेळात अनेक सुरांचे हिशेब उरकू शकते. पहिल्या सुराचा आकडा काढ, दुसऱ्याचा काढ, सोळाव्यापर्यंत जा, सगळ्यांची बेरीज कर, स्पीकरला दे, पुन्हा पहिल्यापासून सुरू. नवा सूर वाढवायला नवं सर्किट नको, थोडा जास्त वेग हवा.

1983 चा यामाहा डीएक्स-7 याच तत्त्वावर उभा होता. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग हे संगीतकार 1967 मध्ये सुराला कंप देऊन पाहत होते. कंपाचा वेग वाढवत नेला तर एका टप्प्यानंतर तो कंप म्हणून ऐकू येतच नाही, त्याऐवजी नवे उपस्वर जन्मतात, हे त्यांच्या लक्षात आलं. कंपाचा वेग मूळ सुराच्या पूर्ण पटीत ठेवला तर तारेसारखे किंवा ब्राससारखे उपस्वर मिळतात, अपूर्ण पटीत ठेवला तर घंटेसारखे. डीएक्स-7 मध्ये सोळा सूर एकत्र वाजत आणि प्रत्येक सुराला सहा लहरी, म्हणजे एकूण 96 लहरींचा हिशेब सतत चाले. तेवढ्यासाठी 96 वेगळी सर्किटं लागली असती तर ते यंत्र टेबलावर मावलं नसतं.

4. साठवलेला आवाज आणि घडवलेला आवाज

आजच्या एका डिजिटल यंत्रात आवाज दोन वाटांनी येतात, आणि विकत घेणाऱ्याने ही विभागणी समजून घेतलीच पाहिजे.

पहिली वाट साठवणीची. खऱ्या वाद्याचा आवाज रेकॉर्ड करून मेमरीत ठेवायचा आणि पट्टी दाबली की वाजवायचा. याला सॅम्पल म्हणतात. आगाशीच्या सुकेळीसारखं हे आहे. राजेळी केळं पूर्ण पिकलं त्या दिवशीची गोडी उन्हात वाळवून धरून ठेवलेली असते आणि महिन्यांनी खाल्लं तरी ती मिळते. पण त्या सुकेळीचं पुन्हा कच्चं केळं होत नाही आणि तिची भाजीही करता येत नाही. सॅम्पलचंही तसंच: ज्या क्षणी, ज्या जोराने, ज्या ढंगाने सनई रेकॉर्ड झाली, तीच तुमच्या बोटाखाली येते.

साठवायला जागा किती लागते, ते पाहू. एका नोंदीला 2 बाइट धरले तर एका सेकंदाला 44,100 × 2 = 88,200 बाइट. 1988 मध्ये आलेल्या कॉर्ग एम-1 मध्ये आवाजांसाठी 4 एमबी जागा होती. या दराने त्यात एकूण 47 सेकंदांचा आवाज मावेल. एवढ्यात पियानो, बासरी, ब्रास, ड्रम सगळं बसवलं होतं. कसं? सुराची फक्त सुरुवात खरी ठेवायची आणि पुढचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवायचा. कान वाद्य ओळखतो तो मुख्यतः सुरुवातीवरून, म्हणून ही काटकसर खपून गेली. आज एकट्या पियानोचा हिशेब करा: 88 पट्ट्या, प्रत्येकी चार वेगवेगळ्या जोरांनी, प्रत्येक सूर 10 सेकंद आणि दोन्ही कानांसाठी वेगळा. 88 × 4 × 10 × 1,76,400 म्हणजे सुमारे 620 एमबी. जुन्या की-बोर्डाचा पियानो आज पत्र्याचा वाटतो त्यामागे हा फरक आहे.

दुसरी वाट घडवण्याची. इथे काहीही रेकॉर्ड केलेलं नसतं. वाद्य कसं वागतं याचं गणित चिपमध्ये घातलेलं असतं आणि आवाज त्याच क्षणी तयार होतो. छेडलेल्या तारेचं गणित फार देखणं आहे. कार्प्लस आणि स्ट्राँग या दोघांनी ते 1983 मध्ये प्रसिद्ध केलं. शंभर आकड्यांची एक रांग घ्या आणि तिच्यात कसेही आकडे भरा. पुढचा आकडा स्पीकरला द्या, तो आणि त्याच्या शेजारचा यांची सरासरी काढून ती रांगेच्या शेवटी टाका. एवढंच करत राहा. सेकंदाला 44,100 आकडे जात असतील आणि रांग शंभराची असेल तर तीच रांग सेकंदाला सुमारे 441 वेळा फिरते, म्हणजे पांढरी सहा वाजते. सरासरीमुळे कर्कशपणा प्रत्येक फेरीत थोडा कमी होतो, जसा छेडलेल्या तारेचा होतो. रांग लांब केली की सूर खाली येतो. इतक्या साध्या बेरजेतून तार ऐकू येते, हे पहिल्यांदा ऐकताना माझा विश्वास बसत नव्हता.

जुन्या सर्किटांचंही असंच गणित मांडता येतं. 1995 च्या नॉर्ड लीडपासून हा प्रकार रूढ झाला. 2011 मध्ये आलेला कॉर्ग क्रोनॉस हा ‘अनेकांच्या जागी एक’ या कल्पनेचा ठळक नमुना. त्याच्या आत संगणकाचीच चिप होती आणि नऊ वेगवेगळी आवाजयंत्रं: पियानो, इलेक्ट्रिक पियानो, ऑर्गन, सॅम्पल, जुन्या पद्धतीचा सिंथ, कॉर्गचेच 1978 चा एमएस-20 आणि 1981 चा पॉलिसिक्स, डीएक्स-7 च्या जातीचा एक आणि छेडलेल्या तारेचा एक. रोलंडच्या ज्युपिटर-एक्समध्ये ज्युपिटर-8, जुनो-106, एसएच-101 यांची गणितं आहेत आणि 808 चे ड्रमही आहेत. त्यात चार सुरेल भाग आणि एक ठेक्याचा भाग एकाच वेळी वाजतो. चरणजित सिंग यांच्या तीन यंत्रांचा संसार आज बराचसा त्या एका यंत्रात मांडता येतो.

5. एक तार, सोळा वाहिन्या

वाजवणं आणि आवाज काढणं ही दोन कामं वेगळी करणारी बोली म्हणजे मिडी. ती 1983 मध्ये आली, आणि तिच्यामुळे एका कंपनीचं यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलू लागलं. मधल्या सप्तकातली पांढरी एक दाबली की मिडीत फक्त एवढंच जातं: ‘साठ क्रमांकाची पट्टी, इतक्या जोराने, या वाहिनीवर’. वाहिन्या सोळा. प्रत्येकीला वेगळा आवाज देता येतो, म्हणून एकच यंत्र सोळा वादकांचा ताफा होऊ शकतं.

ट्रान्सपोजचं बटणही यानेच उलगडतं. गायिकेची पट्टी काळी दोन, वादकाची बोटं पांढरी एकमध्ये बसलेली. बटण तीन घरं वर केलं की यंत्र प्रत्येक क्रमांकात 3 मिळवतं, 60 चे 63 होतात. बाकी काही नाही.

6. खरा हिशेब पॉलिफनीचा

दुकानात यंत्राबाहेर ठळक छापलेलं असतं: इतके हजार टोन. हा आकडा बाजूला ठेवा. तुमच्या कामाचा आकडा पॉलिफनीचा, म्हणजे यंत्र एका क्षणी किती सुरांचा हिशेब करू शकतं त्याचा.

नव्वदीच्या दशकातला रोलंडचा जेव्ही-1080 आणि त्याच घराण्यातला एक्सपी-50 यांची पॉलिफनी 64 होती. बोटं दहा, मग 64 म्हणजे भरपूर, असं वाटतं. पण या यंत्रांत एक भरदार आवाज चार थरांपर्यंतचा असू शकतो, आणि प्रत्येक थर एक जागा खातो. हळदीतला एक क्षण घेऊ. डाव्या हाताने चार सुरांचा कॉर्ड, चार थरांच्या पॅडवर: 16 जागा. पायाखाली पेडल आहे, म्हणून कॉर्ड बदलला तरी आधीचा घुमतोच आहे: आणखी 16. उजव्या हाताने तीन सुरांचा ब्रास, तीन थर: 9. त्याच पट्ट्यांवर स्ट्रिंग्ज जोडलेल्या, चार थर: 12. बासला 2, ठेक्याला 8. बेरीज 63. आता वरून दोन थरांची बासरी एका सुराने उचलली की 65 होतात. यंत्र एक जागा हिसकावून घेतं, बहुधा सर्वांत जुन्या सुराची. घुमणाऱ्या पॅडमधला एक सूर तुटतो. मांडवातल्या वऱ्हाड्यांना ते कळत नाही, पण वादकाला आवाज एकदम पातळ झाल्यासारखा वाटतो आणि कारण सापडत नाही.

दोन वेगळे की-बोर्ड असताना ही अडचण आपोआप वाटली जात होती, कारण प्रत्येकाची चिप वेगळी. एकच यंत्र घेतलं की सगळं ओझं एका चिपवर येतं. त्यातही घडवलेला आवाज साठवलेल्यापेक्षा चिपला जास्त दमवतो. क्रोनॉसमध्ये सॅम्पलचे 140 सूर वाजत, पण एमएस-20 च्या गणिताचे जास्तीत जास्त 40. म्हणून एकच यंत्र घ्यायचं तर पॉलिफनी 128 च्या खाली नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

टोन बदलण्याचाही असाच मुद्दा आहे. दोन की-बोर्ड असले की हात वरच्यावरून खालच्यावर गेला, काम झालं, आणि वरचा सूर विरत राहिला. एका यंत्रात टोन बदलताना पूर्वी आधीचा आवाज खटकन तुटायचा. क्रोनॉस, यामाहा मोंटाज यांसारख्या यंत्रांत जुना सूर विरत असतानाच नवा टोन लागतो. ही सोय नसेल तर एका यंत्राने दोघांचं काम होत नाही, बाकी कितीही गुण असोत.

7. बोटांना काय मिळत नाही

आवाजाचा प्रश्न गणिताने बराच सोडवला. हाताचा सोडवलेला नाही. मिनिमूगवर फिल्टरचा नॉब कुठे आहे हे हाताला अंधारात ठाऊक असतं, कारण तो नॉब दुसरं काहीच करत नाही. नऊ यंत्रं पोटात घेतलेल्या एका यंत्रावर तेच काम तिसऱ्या पानावरच्या दुसऱ्या रकान्यात असू शकतं. घरी बसून आवाज घडवताना हे चालतं, कार्यक्रमात चालत नाही. म्हणूनच ज्याला आवाज वाजवता वाजवता बदलायचा आहे त्याने नॉबवाला एक छोटा सिंथ जवळ ठेवावा, त्यात कसलीही उधळपट्टी नाही.

मींडेचंही असंच. मिडीत सूर वाकवायला 16,384 पायऱ्या आहेत, म्हणजे बारकाईची कमतरता नाही. पण त्या पायऱ्या चढणारा हात लागतो, आणि डाव्या हाताखालची सूर वाकवायची दांडी किंवा चाक प्रत्येक कंपनीचं वेगळं. एका दांडीवर दहा वर्षं बसलेला हात दुसऱ्या चाकावर बसायला वेळ घेतो. सनई, बासरी वाजवणाऱ्याने टोनच्या आधी ही दांडी तपासावी.

आणि बेंजो. कोळी आणि आगरी हळदीचा प्राण असलेल्या या वाद्याचा पूर्वज जपानी ताइशोगोतो, 1912 मध्ये नागोयात तयार झालेला. बेंजोवाला एकच सूर सेकंदात कितीतरी वेळा छेडतो आणि प्रत्येक छेड किंचित वेगळी पडते. सॅम्पलमध्ये तीच एक छेड पुन्हा पुन्हा येते आणि कानाला टाइपरायटरचा खडखडाट जाणवतो. महाग यंत्रांत एका सुराच्या चार-पाच वेगळ्या छेडी साठवून ही उणीव कमी करतात, तरी समोर बसलेल्या बेंजोवाल्याची सर येत नाही. हळदीत बेंजो हवा असेल तर बेंजोवाला बोलवावा. की-बोर्डात तो शोधू नये.

8. मग वसई-विरारच्या वादकाने काय करावं?

आधी नावांचा गोंधळ दूर करू. आपल्याकडे सगळ्यांनाच ‘कॅसियो’ म्हणायची सवय आहे. ज्यात डाव्या हाताने कॉर्ड धरला की साथ आपोआप वाजते तो अरेंजर की-बोर्ड, यामाहाच्या पीएसआर मालिकेसारखा. ज्यात आवाज घडवण्यावर, थर लावण्यावर भर आहे तो सिंथेसायझर. एकट्याने कार्यक्रम करणाऱ्याला पहिला जास्त उपयोगी, चार जणांच्या ताफ्यात दुसरा. रोलंडच्या एक्सपीएस-10 सारख्या काही यंत्रांत भारतीय वाद्यांचे टोन कंपनीकडूनच येतात. भजन आणि गरबा करणाऱ्याने ते ऐकून पाहावेत.

यंत्र बघायला जाण्याआधी एका कागदावर मागच्या काही कार्यक्रमांत खरोखर वाजवलेले टोन लिहा. बहुतेकांची यादी पंधरा-वीसवर थांबते. ऑर्गन, पियानो, स्ट्रिंग्ज, ब्रास, सनई, बासरी, बास, एखादा तीक्ष्ण लीड. मग त्यांतले कोणते एकाच वेळी वाजतात त्यांवर खूण करा. दुकानात स्वतःचा हेडफोन न्या आणि तेवढेच टोन ऐका. त्यानंतर पेडल दाबून वरच्या हिशेबातला हळदीचा प्रसंग वाजवून बघा, सूर तुटतो का ते कळेल. सूर वाजत असताना टोन बदलून बघा. यंत्र बंद करून चालू करा आणि किती वेळात तयार होतं ते घड्याळ लावून मोजा, कारण मांडवात जनरेटर बदलताना वीज जातेच. क्रोनॉससारख्या यंत्राला उठायला दोन मिनिटं लागायची, आणि वरात थांबलेली असताना दोन मिनिटं फार असतात. तुम्ही बांधलेले टोन पेनड्राइव्हवर उतरवता येतात का, हेही विचारून घ्या.

एवढं तपासून घेतलेलं एक यंत्र चर्च, हळद, गरबा आणि भजन या चारही कामांना पुरतं, हे मी ठामपणे सांगतो. पाच-सहा किलोंचा एकच सिंथ पाठीवर टाकून विरारहून लोकलने निघता येतं, टेम्पोचे पैसे वाचतात आणि आवाज पूर्वीच्या तीन यंत्रांपेक्षा बहुधा चांगलाच येतो. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याने मात्र आवडता जुना सिंथ फुंकून टाकू नये. त्याचे नॉब परत मिळत नाहीत.

एका यंत्राचा एक धोका राहतोच: ते बंद पडलं तर कार्यक्रम बंद पडतो. म्हणून नवा सिंथ घेतला तरी जुन्यातला धडधाकट असा एक की-बोर्ड निदान एक लग्नहंगाम विकू नका. तो झाकून, कोरड्या जागी ठेवा, महिन्यातून एकदा चालू करा, आणि त्याचा ॲडॅप्टर त्याच्याच बॅगेत असू द्या.